उजव्या पायातली कडी

श्वासवाले पायरी चढून आत आले की भाड्याच्या कॅमेऱ्यांचा दुकानदार मान वर न करता विचारायचा, "लग्न की पक्षी?" उत्तर त्याला ठाऊक असायचं. लग्नाचे फोटो काढणारे घाईत असतात, त्यांच्या दोन्ही खांद्यांना बॅगा लटकत असतात आणि ते काउंटरवर बोटं वाजवतात. श्वासवाले बोटं वाजवत नसत. ते काचेच्या कपाटासमोर उभे राहायचे, तिसऱ्या खणातली सहाशे मिलिमीटरची लांबलचक पांढरी लेन्स मागून घ्यायचे, ती रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानाच्या पाटीवर रोखायचे, पाटीच्या कोपऱ्यातला बारीक परवाना क्रमांक मनातल्या मनात वाचायचे, आणि मग लेन्स अलगद काउंटरवर ठेवून म्हणायचे, "बघतो. कळवतो."

"कळवा," दुकानदार म्हणायचा. "आम्ही कुठे जातोय."

असे तीन हिवाळे गेले. पोरीला स्थळ बघतानाही लोक इतका घोळ घालत नाहीत. भाडं त्यांना सहज परवडणारं होतं, ओळखपत्राची नक्कल ठेवली की काम भागत होतं, आणि लेन्स दोन हातांत नीट पेलत होती. घोडं अडलं होतं ते भलतीकडेच. खरं सांगायचं तर तो निव्वळ भित्रेपणा होता, आणि तो इतका मऊ, इतका समंजस दिसायचा की त्यांना स्वतःलाही बरीच वर्षं ओळखू आला नाही.

श्वासवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात त्यांनी चौतीस वर्षं एक्स-रे काढले. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा." दिवसाला शंभर वेळा, एकाच सुरात. निम्म्या गावाच्या बरगड्या त्यांनी पाहिल्या होत्या. भाजी घेताना एखादी बाई त्यांना बघायची आणि नकळत छाती फुगवून उभी राहायची. पाठीमागे लोक त्यांना श्वासवाले म्हणत, पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले. त्यांना त्याचं काही वाटत नसे. कमी बोलणाऱ्या माणसाला चार वाक्यांवरून नाव पडलं, तर त्यानं तक्रार तरी काय करायची?

मुलगी एकुलती एक. लहानपणी शाळा सुटली की ती थेट तळघरात यायची आणि उंच स्टुलावर पाय हलवत बसायची. ते भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर एखादी फिल्म लावून विचारायचे, "हृदय कुठे?" ती बोट ठेवायची. "ही कुठली बाजू?" या प्रश्नाला मोठी माणसंसुद्धा फसायची, ती फसली नाही. "त्यांची डावी. आपल्याला उजवीकडे दिसते." माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजायचं, पोट समोर दिसलं की डावं ते उजवं, उजवं ते डावं. सहाव्या वर्षी तिला हे इतकं पक्कं झालं होतं की डॉक्टर आले की श्वासवाले मुद्दाम तिला विचारायचे. तिच्या उत्तरावर डॉक्टर हसायचे आणि श्वासवाले उगाच फिल्मचा कोपरा पुसत राहायचे. आनंद झाला की त्यांना काहीतरी पुसायला लागायचं.

पुढे ती पक्ष्यांच्या अभ्यासात पडली. लांबच्या एका सरोवरावर अभ्यासकेंद्र होतं, तिथे कुरवांना कड्या घालायचं काम चाले. कुरव म्हणजे ते पांढरेकरडे, पाण्याकाठी कलकलाट करणारे, मासळीपासून उकिरड्यापर्यंत काहीही पोटात ढकलणारे पक्षी. पायात पिवळी प्लास्टिकची कडी अडकवायची, कडीवर तीन आकडे. पुढे तो पक्षी कुठेही, कुणालाही दिसला तर आकडा वाचून केंद्राला कळवता येतं. सरोवरावरच्या पक्ष्यांना कडी डाव्या पायात, आकडे दोनशेचे. केंद्राचं दुसरं ठाणं समुद्रावर होतं. तिथल्या पक्ष्यांना उजव्या पायात, आकडे तीनशेचे. पाय आणि आकडा यांचा मेळ बसला नाही, तर बघणाऱ्यानं चुकीचं वाचलं असं धरायचं आणि ती नोंद बाद करायची, असा नियम.

एका हिवाळ्यात केंद्रप्रमुख तापानं पडले. तोवर कड्या ते घालायचे आणि ही वहीत लिहायची. त्या वेळी तिनं एकटीनं दोन दिवसांत चाळीस पक्ष्यांना कड्या घातल्या, दोनशे एक ते दोनशे चाळीस. घरी फोन करून तिनं सांगितलं, "बाबा, माझ्या हाताला अजून त्यांच्या पोटाची ऊब आहे." पुढच्या हिवाळ्यात त्या चाळिसांतला एकही कुठे दिसल्याची नोंद झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रमुखांनी घातलेल्या कड्या मात्र ठिकठिकाणी दिसत होत्या. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "घट्ट बसल्या असणार. पाय सुजले असणार. चाळीसच्या चाळीस गेले." अहवालात त्यांनी 'हाताळणीतील दोष' असे दोन शब्द लिहिले. तिला कुणी काढलं नाही. तीच बॅग भरून घरी आली.

त्याला आता नऊ वर्षं झाली होती. ती औषधांच्या गोदामात खोक्यांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायची, साडेचारला घरी यायची, जेवायची, मागच्या खोलीत जाऊन कडी लावायची. कुणाशी भांडली नाही, रडली नाही. फक्त जिवंत कशाला हात लावेना. मावसबहीण तान्हं बाळ घेऊन आली, "जा की मावशीकडे" म्हणून पुढे केलं, तर ही म्हणाली, "हात ओले आहेत माझे." हात कोरडे ठणठणीत होते. आईनं ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

कॅमेरा बापलेकींनी मिळून घेतलेला, जुना, तीनशे मिलिमीटरच्या लेन्सचा. तो आता एकटे श्वासवाले वापरायचे. दर रविवारी सकाळी ते गावाबाहेरच्या सांडपाण्याच्या केंद्रावर जायचे. तिथे सिमेंटच्या मोठाल्या गोल टाक्या होत्या, आणि हिवाळ्यात त्यांच्या कठड्यांवर कुरव उतरायचे. वास असा की रखवालदारसुद्धा नाकाला रुमाल बांधून बसे. तिथे ते तीन वर्षांपूर्वी, थंडीच्या पहिल्याच रविवारी, उभे होते आणि पलीकडच्या टाकीवरच्या एका पक्ष्याच्या पायात पिवळं काही चमकलं.

घरी येऊन त्यांनी फोटो मोठा केला. कडी होती. आकड्यांच्या जागी तीन काळे ठिपके.

"पिवळी कडी आहे," ते बायकोला हळूच म्हणाले. मुलगी मागच्या खोलीत होती.

बायको ओल्या हातांनीच खुर्चीवर बसली. "तिच्या चाळिसांतली?"

"उजव्या पायात आहे. म्हणजे समुद्रावरची. आपली नाही."

"आकडा काय आहे?"

"दिसत नाही. आपली लेन्स पोचत नाही तिथवर."

"मग पोचणारी आणा."

"अगं, उजव्या पायात आहे म्हटलं ना."

"असेल. तुमचं बरोबर असेल. तरी आणा."

खात्री झाल्याशिवाय मुलीच्या कानावर घालायचं नाही, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. आणि श्वासवाले दुकानात जाऊन, पाटीवरचा परवाना क्रमांक वाचून, परत आले. आकडा तीनशेचा निघाला असता तर? न वाचलेला आकडा कुणाचाही असू शकतो. चाळिसांतला एक कुठेतरी जगला असेल, पायाबियाची काही गडबड झाली असेल, अशी एक बारीक फट उघडी होती, आणि त्या फटीतून येणाऱ्या उजेडावर ते आठवडा काढायचे. लेन्सनं ती फट बंद झाली असती. हा हिशोब त्यांनी कुणाला सांगितला नाही. विचारलं की म्हणायचे, "वारा फार असतो तिथे. एवढी मोठी लेन्स स्थिर राहायची नाही."

पक्षी दुसऱ्या हिवाळ्यातही आला. तोच; चोचीच्या टोकाशी ओरखडा होता. तिसऱ्यातही आला.

"आणली का?" बायको विचारायची.

"बघतो."

"पक्षी काही आपल्या मुलीसारखा घरात बसून राहणार नाही. एक दिवस येणार नाही तो. मग काय त्या टाक्यांना विचारणार?"

त्याच तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी बायकोचा खोकला थांबेना. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. फोटो त्यांनीच काढला. तिला प्लेटसमोर उभं केलं, खांदे पुढे घेतले, शिशाच्या भिंतीमागे गेले आणि सवयीनं म्हणाले, "श्वास घ्या. रोखा."

"मला कसला रोखायला सांगता," ती तिकडे तोंड करूनच म्हणाली. "स्वतः तीन हिवाळे रोखून बसलाय."

भिंतीमागे ते हसले. म्हणाले, "हलू नकोस." मग पडद्यावर फोटो उमटला आणि उजवीकडे खाली, म्हणजे तिच्या डाव्या बाजूला, एक पांढरा डाग दिसला. असे डाग त्यांनी चौतीस वर्षांत हजारो पाहिले होते. डॉक्टरांनी सांगायच्या आधी त्यांना कळलं, आणि दार उघडून बाहेर येईपर्यंत त्यांनी चेहरा नीट केला. ती साडीचा पदर सारखा करत होती. "नीट आला का?" तिनं विचारलं. "नीट आला," ते म्हणाले.

ती अकरा आठवडे होती. शेवटच्या दिवसांत एकदा तिनं विचारलं, "ते पक्षी कुठल्या महिन्यात येतात हो?" त्यांनी सांगितलं. तिनं बोटांवर महिने मोजले, अर्ध्यावर थांबली आणि हात पांघरुणात घेतला.

त्यानंतर घरात दोघंच. सकाळी दोन कप, रात्री दोन ताटं, मधे टीव्हीचा आवाज. मुलगी आईच्या खुर्चीवर बसत नसे आणि ते ती खुर्ची हलवत नसत. निवृत्त माणसाला वेळ असतो म्हणतात. त्यांना इतका होता की तो कुठे ठेवायचा कळेना.

चौथ्या हिवाळ्यात पक्षी आला नाही. पहिला रविवार गेला, दुसरा, तिसरा. तिसऱ्या रविवारी रिकाम्या कठड्याकडे बघताना त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं. चला, प्रश्न मिटला. आणि मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याची इतकी लाज वाटली की रखवालदाराकडे न बघताच ते निघाले. चौथ्या रविवारी पक्षी आपल्या जागेवर होता. श्वासवाल्यांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. ते तडक दुकानात गेले.

"लग्न की पक्षी?"

"पक्षी. द्या."

दुकानदारानं प्रथमच मान वर केली. "देऊ? नक्की?"

"द्या."

"उद्या संध्याकाळी सहापर्यंत परत पाहिजे. पक्षीवाल्यांचा भरवसा नसतो. लग्न मुहूर्तावर उरकतं, पक्ष्याला मुहूर्त नसतो." त्यानं लेन्स फडक्यानं पुसून बॅगेत घातली. "आणि शिट पडली तर ओल्या कापडानं पुसा, नखानं खरवडू नका."

दुसऱ्या दिवशी ते उजाडताना टाक्यांवर पोचले. तिकाटणं लावलं, लेन्स चढवली, डोळा लावला. पलीकडचा कठडा एकदम हाताशी आला. सिमेंटमधली खडी दिसायला लागली. पक्षी होता. डाव्या पायावर उभा. उजवा पाय त्यानं पोटाच्या पिसांत ओढून घेतला होता, आणि त्याला काही घाई नव्हती. तास गेला. बोटं बधिर झाली. तीन वर्षं आपण त्याला थांबवलं, आता तो आपल्याला थांबवतोय, असं त्यांना वाटून गेलं. दीड तासानं शेजारच्या कुरवानं त्याला ढुशी मारली, त्यानं पंख उचलले आणि पाय खाली टेकवला.

दोन. एक. सात.

श्वासवाल्यांनी एकतीस फोटो काढले. प्रत्येकात दोन, एक, सात. पहिला विचार आला तो चौतीस वर्षांचाच होता: फिल्म उलटी लागली. पण आकडे सरळ होते, मागची टाकी जिथल्या तिथे होती, आणि पाय उजवाच होता. हा पक्षी नियमाप्रमाणे असूच शकत नव्हता, आणि तो समोर उभा राहून चोचीनं पाठ खाजवत होता. ते खाली सिमेंटवर बसले. रडू आलं नाही. खूप भूक लागली, आणि घरी जाऊन हे आधी बायकोला सांगायचं असं मनात आलं, आणि मग ती नाही हे आठवलं.

साडेचारला मुलगी आली. तिनं हात धुतले, खुर्चीवरच्या टॉवेलला पुसले. त्यांनी कॅमेरा टेबलावर सरकवला. "हे बघ."

ती उभ्यानंच वाकली. अंगठ्यानं तिनं फोटो मोठा केला. नऊ वर्षांत तिनं कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, पण अंगठ्याला बटण सापडलं.

"दोनशे सतरा," ती म्हणाली. तिनं पुढचे दोनचार फोटो पाहिले. मग म्हणाली, "फोटो उलटा नाही ना?"

"नाही."

तिनं टॉवेल उचलला. त्याची गुंडाळी केली, एक टोक आपल्या डाव्या काखेत धरलं आणि दुसरं टोक पुढे काढलं. कुरवाला असंच धरतात. डोकं काखेत, म्हणजे चोच मारत नाही, पोट वर, पाय पुढे. तिचा उजवा हात पुढे गेला, कडी उघडल्यासारखी बोटं फाकली, आणि हवेत उजवीकडे वळली.

"पोट दिसलं की उलटं धरायचं," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "पण त्याचं तोंड माझ्याकडे नव्हतंच, बाबा. डोकं माझ्या काखेत होतं. आम्ही दोघं एकाच बाजूला बघत होतो. त्याचा डावा तो माझाही डावाच. मी उगाच उलटं केलं. चाळीस वेळा."

"म्हणजे ते जगले होते."

"जगले होते. लोकांनी कळवलंही असणार. आकडा दोनशेचा, पाय उजवा. मेळ नाही. बाद." ती थांबली. "लोकांनी पाठवलेली नोंदींची कार्डं निवडायचं काम त्यानंतरची दोन वर्षं माझ्याकडेच होतं. मीच टाकलीत ती टोपलीत. लोकांना नीट वाचता येत नाही म्हणून चिडायचे मी."

श्वासवाल्यांना उंच स्टूल दिसलं, हलणारे पाय दिसले. "मी शिकवलं होतं तुला ते," ते म्हणाले.

"बरोबर शिकवलं होतं." तिनं टॉवेल टेबलावर ठेवला, गुंडाळी न मोडता. "केंद्राला कळवू या."

तिनं आपला लॅपटॉप आणला आणि केंद्राचा फॉर्म उघडला. कडीचा रंग, आकडा, पाय. ती भराभर भरत होती. तिच्या मानेचा बाक त्यांना ओळखीचा वाटला. फिल्मवर वाकायची तसा. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती मागच्या खोलीत न जाता टेबलाशी बसली होती.

"पहिल्यांदा कधी दिसला?" तिनं न बघता विचारलं.

काल, असं म्हणता आलं असतं. खोटं पाडायला कुणी नव्हतं. एक होती, ती गेली.

"तीन वर्षांपूर्वी. थंडीच्या पहिल्या रविवारी."

तिची बोटं थांबली. "हाच?"

"हाच."

"आकडा नाही वाचलात तेव्हा?"

"लेन्स पोचत नव्हती."

तिनं टेबलावरच्या पांढऱ्या लेन्सकडे पाहिलं. "ही तेव्हा मिळत नव्हती?"

"मिळत होती. त्याच दुकानात होती. तिसऱ्या खणात."

"आईला माहीत होतं?"

"ती दर वर्षी म्हणायची, आणा."

तिनं तारीख टाइप केली. घाई केली नाही, चूकही केली नाही. मग खालची ओळ वाचली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"हे तुम्ही भरा," ती म्हणाली.

तिनं टॉवेलची गुंडाळी मोडली, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि मागच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. रोज लागते तशी आतून कडी लागली.

शेवटच्या चौकटीवर लिहिलं होतं: 'कळवण्यास उशीर झाला असल्यास कारण.' पुढे लाल फुली होती. ती चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. श्वासवाल्यांनी एका बोटानं टाइप केलं, 'लेन्स नव्हती.' वाचलं. एकेक अक्षर मागे घेत पुसलं. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होते, लेन्स बॅगेत भरायची होती, दुकान चालत वीस मिनिटांवर होतं. ते उठले नाहीत. त्यांनी बोट पुन्हा अक्षरांवर आणलं आणि पहिलं अक्षर शोधायला लागले.